शिंकणारा डबा

ओढ्याकाठी एक दगड होता. दगडाखाली एक बीळ होतं. बिळात राहायची टिचकी.

टिचकी म्हणजे चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक, आणि अंगानं एवढीशी. हसू आलं की म्हणायची, चिक चिक चिक. रडू आलं तरी म्हणायची, चिक चिक चिक. हसते की रडते, ते फक्त डुब्याला कळायचं.

डुब्या म्हणजे बेडूक. टिचकीचा जिवलग मित्र. आणि खोडकर तर असा, की काही विचारू नका.

एकदा डुब्यानं टिचकीला फुलांचा हार करून दिला. टिचकीनं तो गळ्यात घातला. हारातली एक गोगलगाय मान वर करून म्हणाली, "काय गं, बरी आहेस ना?"

मग टिचकीनं डुब्याला लोकरीची टोपी विणून दिली. डुब्यानं ती डोक्यात घातली. टोपी आली डोळ्यांवर. मग नाकावर. मग पोटावर. ती टोपी नव्हतीच. पिशवी होती.

टिचकी म्हणाली, चिक चिक चिक. ते हसू होतं.

तर आज टिचकीकडे भोंडला होता. पहिलावहिला भोंडला. भोंडल्याला काय करायचं? पाटावर हत्ती काढायचा. हत्तीभोवती हात धरून फेर धरायचा. गोल गोल फिरायचं, गाणी म्हणायची. आणि शेवटी खिरापत. खिरापत म्हणजे खाऊ. तो डब्यात लपवलेला असतो. डबा वाजवायचा आणि सगळ्यांनी ओळखायचं, आत काय आहे.

टिचकीनं पाटावर हत्ती काढला. तिनं हत्ती कधी बघितलाच नव्हता. म्हणून तिनं आपल्यासारखाच काढला. फक्त नाक आणखी थोडं लांब केलं.

मग तिनं चुरमुऱ्याचे लाडू वळले. गूळ घालून, छान गोड गोड. एका लाडवात मात्र हळूच मिरपूड भरली. तो लाडू डुब्यासाठी. चिक चिक चिक. लाडू पत्र्याच्या डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि टिचकी गेली फुलं आणायला.

तिला एकच काळजी होती. भोंडल्याला तिनं एकट्या डुब्यालाच बोलावलं होतं. बाकीचे सगळे मोठे. एवढ्याशा टिचकीकडे कोण येणार? त्यांना विचारायचा तिला धीरच झाला नाही. पण दोघांचा फेर कसा होणार? दोघांनी हात धरले, तर ती फुगडी होते. फेर होत नाही.

फुलं घेऊन टिचकी परत आली. म्हणाली, जरा लाडवांचा वास घेऊ या. झाकण ओढलं. निघेना. दातांनी ओढलं. निघेना. डब्यावर बसून ओढलं. टिचकी पडली धप्पकन, झाकण तिथल्या तिथं.

"डुब्या, ए डुब्या," टिचकीनं हाक मारली. डुब्या कुठं दिसेना.

आता डबा उघडला नाही, तर खिरापत नाही. खिरापत नाही, तर भोंडला कसला? टिचकीला रडू यायला लागलं. पण रडून झाकण निघत नाही. तिनं डब्याला दोरी बांधली आणि निघाली. डबा सकाळी हलका होता. आता चांगलाच जड झाला होता.

"लाडू फुगले वाटतं," टिचकी म्हणाली.

पुढं टिचकी तुरुतुरु, मागं डबा फरफर.

वाटेत भेटला खेकडा. तो दगडावर बसला होता. कपाळाला आठ्या.

टिचकी म्हणाली,
"खेकडेदादा, खेकडेदादा, डबा उघड.
माझा डबा उघडेल,
तर भोंडला होईल."

खेकड्यानं विचारलं, आत काय? टिचकी म्हणाली, खिरापत आहे, सांगायची नसते, ओळखायची असते. खेकड्यानं डब्याला कान लावला.

डबा म्हणाला, कुरुम कुरुम. आक्छी.

"चकली," खेकडा म्हणाला.

"नाही."

"बरोबर. चकली शिंकत नाही." खेकड्यानं विचार केला. "तुझ्या डब्याला सर्दी झालीय. पण मी उघडू कसा? हे बघ." त्यानं नांगी वर केली. नांगीवर लाल लाल लोकरीचा मोजा. "सकाळी झोपलो होतो. कुणीतरी चढवला. निघता निघत नाही. शेळीताईला सांग, मोजा खा. मोजा जाईल, तर डबा उघडेन."

पुढं टिचकी तुरुतुरु, मागं डबा फरफर.

शेळी बांधावर उभी होती. तोंड घट्ट मिटून.

टिचकी म्हणाली,
"शेळीताई, शेळीताई, मोजा खा.
खेकडेदादाचा मोजा जाईल,
तर माझा डबा उघडेल.
माझा डबा उघडेल,
तर भोंडला होईल."

डबा म्हणाला, कुरुम कुरुम. आक्छी.

शेळी मिटल्या तोंडानंच म्हणाली, "अनारसे."

"नाही."

"अनारशांना शिंक येते. खसखस नाकात जाते ना." शेळीनं मान हलवली. तेव्हा टिचकीला दिसलं. शेळीच्या दाढीची कुणीतरी वेणी घातली होती. तीन पेडांची, घट्ट. वर पांढऱ्या फुलांचा गजराही माळला होता. "तोंड उघडलं की वेणी ओढते," शेळी म्हणाली. "मी खाऊ कशी? माकडमामांना सांग, वेणी सोडा. माझी वेणी सुटेल, तर मोजा खाईन."

पुढं टिचकी तुरुतुरु, मागं डबा फरफर.

माकड चिंचेखाली नाचत होतं. छुम छुम, छुम छुम. घामानं नुसतं निथळत होतं.

टिचकी म्हणाली,
"माकडमामा, माकडमामा, थांबा.
शेळीताईची वेणी सुटेल,
तर खेकडेदादाचा मोजा जाईल.
खेकडेदादाचा मोजा जाईल,
तर माझा डबा उघडेल.
माझा डबा उघडेल,
तर भोंडला होईल."

"थांबू कसा?" माकड म्हणालं. छुम छुम. "कुणीतरी शेपटीला घुंगरू बांधलं." छुम छुम. "घुंगरू वाजलं की पाय उचलतो. पाय उचलला की शेपूट हलते. शेपूट हलली की घुंगरू वाजतं." छुम छुम.

डबा म्हणाला, कुरुम कुरुम. आक्छी.

"वा," माकड म्हणालं, "तालात शिंकतो. म्हैसमावशीला सांग, ऊठ. ती माझ्या शेपटीवर पाय ठेवेल, तर मी थांबेन. मी थांबेन, तर वेणी सुटेल."

पुढं टिचकी तुरुतुरु, मागं डबा फरफर.

म्हैस डबक्यात बसली होती. घुर्र, घुर्र, घोरत होती. उन्हं चांगली डोक्यावर आली होती. पण म्हशीच्या डोळ्यांवर कुणीतरी केळीचं पान बांधलं होतं.

टिचकी म्हणाली,
"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ.
तू उठशील, म्हैसमावशी,
तर माकडमामा थांबतील.
माकडमामा थांबतील,
तर शेळीताईची वेणी सुटेल.
शेळीताईची वेणी सुटेल,
तर खेकडेदादाचा मोजा जाईल.
खेकडेदादाचा मोजा जाईल,
तर माझा डबा उघडेल.
माझा डबा उघडेल,
तर भोंडला होईल."

"अगं, रात्र आहे," म्हैस म्हणाली. "काळोख बघ केवढा. झोप जा."

"मावशी, तुझ्या डोळ्यांवर पान आहे."

"रात्री पानं दिसत नसतात, बाळ."

डबा म्हणाला, कुरुम कुरुम. आक्छी.

"रात्रीचं बाहेर फिरवतेस, मग त्याला सर्दी होणारच," म्हैस म्हणाली. "कोंबडेकाकांना सांग, आरवा. कोंबडा आरवला की सकाळ होते. सकाळ झाली की मी उठते. उगाच कशाला उठू?"

पुढं टिचकी तुरुतुरु, मागं डबा फरफर.

कोंबडा गवतात बसला होता. अगदी गप्प. पंख पसरून.

टिचकीला धाप लागली होती. तरी ती म्हणाली,
"कोंबडेकाका, कोंबडेकाका, आरवा.
कोंबडेकाका आरवतील,
तर म्हैसमावशी उठेल.
म्हैसमावशी उठेल,
तर माकडमामा थांबतील.
माकडमामा थांबतील,
तर शेळीताईची वेणी सुटेल.
शेळीताईची वेणी सुटेल,
तर खेकडेदादाचा मोजा जाईल.
खेकडेदादाचा मोजा जाईल,
तर माझा डबा उघडेल.
माझा डबा उघडेल,
तर भोंडला होईल."

"हळू बोल," कोंबडा कुजबुजला. "मी अंडं घातलंय."

टिचकीनं त्याच्याकडे बघितलं. तुऱ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही कोंबडा ना?"

"मलाही तसंच वाटत होतं," कोंबडा म्हणाला. "पण सकाळी उठलो, तर खाली अंडं. माझ्याखाली आहे म्हणजे माझंच. मी आरवायला उठलो, तर ते गार पडेल. दुसरं कुणी अंड्यावर बसलं, तर आरवेन."

कोंबडीकाकूंना का नाही विचारलं, असं टिचकीनं विचारलं. कोंबडा म्हणाला, विचारलं की. ती तेव्हापासून जी हसतेय, ती अजून हसतेच आहे.

खरंच, झुडपामागून आवाज येत होता. क्वाक क्वाक क्वाक.

टिचकीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आता पुढं कुणाचं घर नव्हतं. पुढं नुसती टेकडी होती, आणि टेकडीला बसता येत नाही. मग एवढीशी टिचकी पुढं झाली. हे करा तर बसेन, ते द्या तर बसेन, असं काही ती म्हणाली नाही. सरळ गेली आणि अंड्यावर बसली.

अंडं पांढरं पांढरं. अंगाला चुना लागत होता. आणि वास येत होता लिंबाचा. टिचकीनं लांब नाक खाली घालून हुंगलं. लिंबूच ते. चुन्यानं रंगवलेलं लिंबू. मोजा, वेणी, घुंगरू, पान, लिंबू. हे कुणाचे उद्योग, ते टिचकीला आता बरोबर कळलं. पण कोंबडेकाकांचा चेहरा इतका आनंदी होता, की ती काही बोलली नाही. नीट, सांभाळून बसून राहिली.

कोंबडा उठला. मान ताणली. छाती फुगवली.

कुकूच कू.

कोंबडेकाका आरवले. आपलं अंडं त्यांनी पंखाखाली घेतलं आणि टिचकीच्या मागं निघाले. डब्याला सर्दी कशानं झाली, ते त्यांनाही बघायचं होतं.

कोंबडेकाका आरवले, म्हणून म्हैसमावशी उठली. भळाळ. डोळ्यांवरचं पान सुटून तिच्या शिंगाला अडकलं. "आज एकदम दुपारच उजाडली," ती म्हणाली.

म्हैसमावशी उठली, म्हणून माकडमामा थांबले. तिनं शेपटीवर पाय ठेवला. छुम, आणि गप्प. "जरा हळू ठेव," माकडमामा म्हणाले.

माकडमामा थांबले, म्हणून शेळीताईची वेणी सुटली. एक पेड, दुसरा पेड, तिसरा पेड. गजरा राहिला मामांच्या हातात. शेळीताईनं केवढी तरी जांभई दिली. सकाळपासूनची साठलेली.

शेळीताईची वेणी सुटली, म्हणून खेकडेदादाचा मोजा गेला. कचर कचर कचर. "मीठ कमी आहे," शेळीताई म्हणाली.

खेकडेदादाचा मोजा गेला, म्हणून नांगी मोकळी झाली. त्यानं ती झाकणाखाली घातली. कट्ट. सगळे वाकून बघायला लागले. कट्ट. सगळे आणखी वाकले.

फट्ट.

झाकण उडालं. आणि डब्यातून उडाला कोण? सांगा बघू, कोण?

डुब्या.

नाक लाल. डोळ्यांत पाणी. पोट टम्म. गवतावर पडला आणि म्हणाला, "आक्छी."

डब्यात एकही लाडू नव्हता. एक चुरमुरासुद्धा नव्हता.

मग डुब्यानं शिंकत शिंकत सगळं सांगितलं. सकाळपासून त्यानं सगळ्यांच्या खोड्या काढल्या. शेवटी टिचकीची काढायची म्हणून झाकणाला आतून डिंक लावला. तेवढ्यात टिचकीची पावलं वाजली, तुरुतुरु. लपायला जागा नव्हती. मग तो डब्यातच शिरला आणि वरून झाकण ओढून घेतलं. डिंक लावलेलं झाकण. स्वतःच लावलेलं.

"मी ओरडणारच होतो," डुब्या म्हणाला, "पण तोंडात लाडू होता. पहिल्याच लाडवात मिरपूड लागली. तोंड गोड करायला दुसरा खाल्ला. मग, आक्छी, राहिलेले खाल्ले."

टिचकी म्हणाली, चिक चिक चिक.

म्हैस हसली. माकड हसलं. शेळी, खेकडा, कोंबडा, सगळेच हसले. त्यांना वाटलं, टिचकी हसतेय.

डुब्या मात्र हसला नाही. "गप्प बसा," तो म्हणाला. "ती रडतेय."

डुब्या टुणुक टुणुक उड्या मारत टिचकीजवळ गेला. "टिचके, लाडू फार छान होते," तो हळूच म्हणाला. "तुझा भोंडला बुडवायचा नव्हता गं मला. चुकलं माझं."

"भोंडला?" म्हशीनं विचारलं. "म्हणजे तो भोंडला तुझ्याकडेच आहे होय? मग आम्हाला का नाही बोलावलंस?"

टिचकीनं नाक पुसलं. "तुम्ही सगळे मोठे. मी एवढीशी."

"मग? मोठ्यांना खाऊ आवडत नाही?"

तेवढ्यात डुब्याला सगळ्यात मोठी शिंक आली. आ... आ... आक्छी. कोंबडा एवढा दचकला, की पंखाखालचं अंडं सुटलं. दगडावर पडलं. फच्च.

कोंबड्यानं वाकून बघितलं. पिल्लू नव्हतं. पिवळा बलक नव्हता. नुसता आंबट आंबट रस होता.

टिचकी पुढं झाली. हळूच म्हणाली, "काका, तुमच्या अंड्यातून सरबत निघालं."

कोंबड्यानं विचार केला. मग छाती फुगवली. "वाटलंच मला. साधं अंडं नव्हतंच ते."

मग काय, एकच धांदल उडाली. डुब्यानं ओढ्याचं पाणी आणलं. टिचकीनं घरातून गूळ आणला. माकडमामांनी लिंबावरचा चुना धुतला आणि रस पिळला. डुब्यानं डबा घासला, झाकणाचा डिंकही त्यानंच खरवडला. तेवढी शिक्षा त्याला हवीच होती.

आणि टिचकीच्या अंगणात भोंडला सुरू झाला. मधे पाटावर चिचुंद्रीसारखा हत्ती. भोवती फेर. खेकड्याची नांगी धरायला सगळे घाबरायला लागले, म्हणून डुब्यानं आपली टोपी आणली. ती टोपी नव्हतीच, पिशवी होती, माहीत आहे ना? ती नांगीवर चढवली. आता खुशाल धरा. शेळी म्हणाली, ही मी उद्या खाईन. केळीच्या पानावर फुलं मांडली. टिचकीनं गजरा घातला. माकडमामांचं घुंगरू कुणी सोडलंच नाही. छुम छुम, छुम छुम.

झुडपामागून काकूही आल्या. हसत हसतच फेरात शिरल्या. फेर एवढा मोठा झाला, एवढा मोठा झाला, की म्हशीची शेपटी ओढ्यात बुडाली.

शेवटी टिचकीनं डबा हातात घेतला आणि वाजवला. डुबुक डुबुक.

"ओळखा, काय आहे?"

सगळ्यांनी सरबत होताना बघितलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण भोंडला आहे, लगेच कसं ओळखायचं?

"चकली," खेकडा म्हणाला.

"अनारसे," शेळी म्हणाली.

"डुब्या," म्हैस म्हणाली.

कोंबडा डोळे पुसून म्हणाला, "माझं बाळ."

मग सगळे सरबत प्याले. गोड गोड, आंबट आंबट. डुब्याला सगळ्यात शेवटी मिळालं. तो प्याला, आणि म्हणाला, "आक्छी."

टिचकी म्हणाली, चिक चिक चिक.

आता हे हसू होतं की रडू? डुब्याला विचारायला नको. तुम्हालाही कळलं.